बोट हातमोज्याने वाचत नाही

गोडाऊनमधल्या पोरांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: ‘फोर्कलिफ्टवर बोटं जातात ती निष्काळजीपणाने. जाड हातमोजे घाला, मशीन बंद करा, काही होत नाही. चूक स्वतःची असेल तर भरपाई विसरा. बोट तुटलंच तर बर्फात टाका.’ हा मेसेज पुढे पाठवू नका.

हातमोजे पॅलेटच्या, म्हणजे माल रचायच्या लाकडी चौकटीच्या, खिळ्यापासून, फळीच्या कुसळापासून वाचवतात. तीन टन माल उचलणारी फोर्कलिफ्ट रिकामीच चार टनांच्या वर भरते. तिच्या आणि रॅकच्या मध्ये बोट सापडलं तर कापड काय करणार? उलट सैल हातमोजा मास्टच्या (माल वर-खाली नेणाऱ्या पुढच्या उभ्या सांगाड्याच्या) साखळीत अडकला तर हातही आत ओढला जातो.

मशीन बंद करणं पुरेसं नाही. बऱ्याच मशीनवर इंजिन बंद असतानाही लिव्हर ढकलला की फोर्क, म्हणजे माल उचलणारे पुढचे दोन लोखंडी दात, वजनाने खाली येतात. आधी फोर्क जमिनीला टेकवा, मग चावी काढून खिशात ठेवा.

आणि निष्काळजीपणा कुणाचा? भिवंडी-चाकणला गाडी खाली करताना बघा. पॅलेट मोडकं, खोकी डगमगतायत, सुपरवायझर ओरडतो ‘धर रे’, आणि हेल्पर उचललेल्या मालाला हात लावून मशीनसोबत चालतो. फोर्कमधलं अंतर बदलायचं तर पिन उचलून पन्नास-साठ किलोचा फोर्क हाताने रेटतात. अडकलेला फोर्क एकदम सुटला की बोट चेचलंच. सीटवरून फोर्क सरकवणारी हायड्रॉलिक जोडणी बाजारात मिळते. ती घ्यायची की नाही हे हेल्पर ठरवत नाही, मालक ठरवतो.

भरपाईचं वाक्य तर सरळ खोटं आहे. 1923 च्या भरपाई कायद्यापासून नुसता निष्काळजीपणा हे नकाराचं कारण नाही. नशा, सुरक्षेचा स्पष्ट नियम जाणूनबुजून मोडणं किंवा संरक्षक साधन मुद्दाम काढणं, यातलं काहीतरी अपघाताचं थेट कारण असावं लागतं. अंगठा पूर्ण गेला तर कमाईची क्षमता 30 टक्के घटली, तर्जनी गेली तर 14 टक्के, असं कायद्याचा तक्ता मानतो. ईएसआयसी (कर्मचारी राज्य विमा) लागू असेल तर दावा तिथे करायचा.

सगळ्यात घातक सल्ला बर्फाचा. बर्फ थेट लागला की पेशी गोठून मरतात आणि जोडता आलं असतं ते बोटही वाया जातं. स्वच्छ ओलसर कापडात गुंडाळा, प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड घट्ट बांधा, आणि ती पिशवी बर्फ घातलेल्या पाण्यात ठेवा. जखमेवर कापड घट्ट दाबून हात उंच धरा. निघण्याआधी प्लास्टिक सर्जन आहे का हे हॉस्पिटलला फोन करून विचारा, आणि बोट जखमी माणसाच्याच गाडीतून न्या.