बिबड्या आणि भावी महापौर

आमच्या गच्चीवर चार पत्रे आहेत. खानदेशात पारा 44 अंशांवर गेला की पंख्याखालीही जीव नकोसा होतो आणि नेमक्या त्याच दिवसांत बिबड्या (ज्वारीचे पापड) करायच्या असतात. तेव्हा चुलीजवळ बसणाऱ्या बायकांच्या डोक्यावर सावली असावी, एवढ्याच हेतूने मी ते टाकून घेतले होते. मालमत्तांची फेरमोजणी करणारी दोन मुले गेल्या उन्हाळ्यात नेमकी बिबड्यांच्या दिवशी आली. पातेल्यातून ज्वारीच्या घाट्याच्या वाफा निघत होत्या, शेजारच्या पाच बायका कामाला लागल्या होत्या आणि दोन खाटांवर जुनी लुगडी अंथरून शे-दीडशे बिबड्या वाळत पडल्या होत्या. मुलांनी फीत धरली, वाटीभर घाटा वर तेल घालून खाल्ला, दुसऱ्या वाटीलाही नाही म्हटले नाही, आणि ‘वापर : वाणिज्य’ अशी नोंद करून ती निघून गेली.

हे मला कळले आठ महिन्यांनी, 3,840 रुपयांची घरपट्टी 9,120 रुपये होऊन घरी आली तेव्हा. सामान्य कर, वृक्ष कर, अग्निशमन कर ही ओळखीची मंडळी बिलात होतीच. त्यांच्या पंगतीला या वेळी रोजगार हमी उपकर हा नवा पाहुणा येऊन बसला होता. हा उपकर राहत्या घराला लागत नाही, बिगरनिवासी वापराला लागतो, आणि तो गोळा महापालिका करत असली तरी जमा शासनाकडे होतो. थोडक्यात, आमच्या सौभाग्यवतींच्या बिबड्यांवर राज्यातल्या मजुरांचा रोजगार उभा राहिला होता. वेळेवर भरले नाही तर दरमहा 2 टक्के शास्ती, म्हणजे वर्षाला 24. एवढे व्याज मुदत ठेवीवर देणारी बँक मिळाली असती, तर मी एस.टी.च्या आगारात हिशेबनीस म्हणून हयात घालवली नसती.

हरकतीचा अर्ज घेऊन मी प्रभाग कार्यालयात गेलो, तर भरणा खिडकीपुढे पंचवीस-तीस माणसांची रांग, आणि तीही कडक इस्त्रीच्या पांढऱ्या कपड्यांतली. चौकशीअंती कळले की निवडणुकीचे अर्ज भरणे सुरू झाले असून अर्जासोबत थकबाकी नसल्याचा दाखला लागतो. ज्या वसुलीसाठी पालिकेला नळ तोडावे लागतात, प्रसंगी दारापुढे ढोल वाजवावे लागतात, ती वसुली येथे नगरसेवकपदाच्या हौसेपायी बिनबोभाट चालली होती. प्रत्येक थकबाकीदाराला सक्तीने उमेदवारी द्यावी, अशी सूचना मी त्याच अर्जात जोडणार होतो. पण खिडकीतल्या बाईंनी तो न वाचताच परत केला. “आधी भरणा, मग हरकत,” एवढेच त्या म्हणाल्या.

त्याच रांगेत पुढून तिसरे असलेले भाऊ रविवारी संध्याकाळी आमच्या ओट्यावर हजर झाले. चौकातल्या फलकावर ते ‘भावी महापौर’ आहेत. महापौरपदाचे आरक्षण सोडतीने ठरते आणि चिठ्ठी महिलांसाठी निघाली तर धावपळ नको, म्हणून फलकावर शेजारी वहिनींचाही तेवढ्याच आकाराचा फोटो आहे. इतका दूरदृष्टीचा अर्थसंकल्प मी आजवर पाहिलेला नाही.

“आप्पा, आपण आलो की घरपट्टी निम्मी आणि शास्ती शंभर टक्के माफ,” भाऊ भाजलेली बिबडी मोडत म्हणाले.

मी म्हणालो, “भाऊ, तुमच्या सासुरवाडीचे नगराध्यक्ष थेट मतांनी निवडून येतात, तुम्हाला मात्र नगरसेवक निवडणार, तेही अडीच वर्षांसाठी. अंदाजपत्रक आयुक्तांचे, कराचे दर ठरवणार महासभा, तेही 20 फेब्रुवारीच्या आत. तुम्ही निम्मी करणार ती कशी?”

“सभेचं अध्यक्षस्थान आपलंच ना!”

“बरे, केली निम्मी. मग रस्ते कशातून?”

“वरून निधी आणू.”

वरून आमच्याकडे आजवर नेमाने येत आले आहे ते ऊन. जकात होती तेव्हा नाक्यावर ट्रक अडला की पालिकेचा गल्ला वाजत असे. मग स्थानिक संस्था कर आला, आणि 1 जुलै 2017 पासून जीएसटी लागू झाल्यावर तोही गेला. आता त्या बदल्यात शासनाकडून भरपाई येते. स्वतःच्या हातचे म्हणावे असे पालिकेजवळ उरले आहे ते घरपट्टी, पाणीपट्टी, गाळ्यांचे भाडे आणि बांधकाम परवानग्यांचे शुल्क, एवढेच. त्यातली घरपट्टी निम्मी करायची आणि सात वर्षे न भरणाऱ्याची शास्ती माफ करायची म्हणजे, दर वर्षी वेळेत भरणारा माझ्यासारखा माणूस हाच काय तो शहरातला मूर्ख ठरतो. हे मी बोलूनही दाखवले.

“पण मुंबईत 500 चौरस फुटांपर्यंत माफ झालीच की 2022 मध्ये!” भाऊ म्हणाले.

“मुंबईच्या पालिकेच्या बँकांत हजारो कोटींच्या ठेवी आहेत, भाऊ. आपल्या पालिकेला बँकवाले हप्त्यापुरते ओळखतात.”

भाऊंनी चौथी बिबडी उचलली. मग त्यांनी माझ्या हातातल्या हरकतीच्या अर्जाकडे पाहिले आणि अहिराणीत दिलासा दिला, “आप्पा, टेन्शन लेऊ नका, सगळं हुई जाई.” एवढे झाल्यावर ते स्वयंपाकघराच्या दिशेने वळून मोठ्याने म्हणाले, “काकू, शुक्रवारी मळ्यात कार्यकर्त्यांची भरीत पार्टी आहे. पाच किलो बिबड्या मिळतील का? पैसे रोख.”

सौभाग्यवती पदराला हात पुसत बाहेर आल्या. तीस वर्षांच्या संसारात मी त्यांना इतक्या झटपट भाव सांगताना ऐकले नव्हते.

“चालेल,” भाऊ म्हणाले, “फक्त पक्कं बिल द्या. निवडणुकीच्या खर्चात दाखवावं लागतं.”

माझ्या हातातल्या अर्जाचे पहिले वाक्य होते, ‘सदर ठिकाणी कोणत्याही प्रकारचा व्यवसाय चालत नाही.’

“अहो,” सौभाग्यवती म्हणाल्या, “तो कागद मागून कोराच आहे ना? द्या इकडे.”