चाळीस गुंठ्यांचे चव्वेचाळीस करणारा फुकट नकाशा

सोलापुरात अक्कलकोट रस्त्यावरील औद्योगिक वसाहतीतल्या एका टॉवेल कारखानदारासाठी माझा भाचा संगणकावर चालणारे सॉफ्टवेअर लिहीत आहे आणि माल पोहोचवायची ठिकाणे त्यात नकाशावर दिसावीत, एवढीच त्या कारखानदाराची मागणी आहे. "मामा, काम सोपे झाले," असे म्हणत त्याने व्हॉट्सॲपवर फिरणारा जो संदेश मला पाठवला, तो याआधी दोनदा माझ्याकडे येऊन गेला होता. ओपनस्ट्रीटमॅप हा स्वयंसेवकांनी बनवलेला जगाचा नकाशा मोफत असल्याने तो सगळा उतरवून सॉफ्टवेअरसोबत द्या, नकाशा कोणाचा हे सांगणारी खालची श्रेयाची ओळ झाका, गूगलचे नकाशे वापरण्यासाठी लागणारी एकच एपीआय की, म्हणजे खात्याशी जोडलेला सांकेतिक क्रमांक, सर्व ग्राहकांच्या प्रतींत टाका आणि शेताच्या कोपऱ्यांवर क्लिक करून बिनचूक क्षेत्रफळ मिळवा, मग सरकारी मोजणी कशाला हवी, असे त्यात म्हटले आहे.

शेवटचा दावा आधी घेतो, कारण त्यापायी बांधावर डोकी फुटतील. असे बहुतेक नकाशे वेब मर्केटर प्रक्षेपणात, म्हणजे गोल पृथ्वी सपाट पडद्यावर मांडण्याच्या एका पद्धतीत, असतात आणि विषुववृत्तापासून जसजसे दूर जावे, तसतसे त्यांतील अंतर फुगत जाते. सोलापूर सुमारे १७.७ उत्तर अक्षांशावर असल्यामुळे येथे लांबी जवळजवळ पाच टक्के आणि क्षेत्रफळ सुमारे दहा टक्के जास्त येते. म्हणजे सपाट निर्देशांकांवरून थेट गुणाकार करणारे सॉफ्टवेअर ४० गुंठ्यांच्या एकराला ४४ गुंठे म्हणेल. वरचे चार गुंठे म्हणजे ४,३५६ चौरस फूट. पृथ्वीची वक्रता धरून हिशेब केल्यास ही चूक टळते, हे खरे. परंतु उपग्रहचित्रच काही मीटर सरकलेले असू शकते आणि बांध कोणता, हे तर चित्र सांगतच नाही. भूमी अभिलेख विभागाच्या मोजणीची जागा माऊसची टिचकी घेऊ शकत नाही.

'मोफत' या शब्दात अर्धे सत्य आहे, ते नाइलाजाने मान्य करतो. ओपनस्ट्रीटमॅपची माहिती ओडीबीएल या खुल्या माहितीसाठीच्या परवान्याखाली सर्वांना खुली आहे. ती उतरवून आपल्याच संगणकावर नकाशा तयार करण्यास कोणाचीही आडकाठी नाही. मात्र नकाशाचे तयार तुकडे, म्हणजे टाइल, पुरवणारा सर्व्हर देणग्यांवर चालतो. पाणपोईवर तहान भागवावी, टँकर लावू नये. सोलापूर जिल्ह्याचे क्षेत्रफळ १४,८९५ चौरस किलोमीटर आहे. नकाशा खूप जवळून दाखवणाऱ्या केवळ अठराव्या झूम पातळीच्या त्याच्या टाइल सुमारे सात लाख होतात. त्या सर्व्हरचे वापर-धोरण कोणालाही वाचता येते आणि घाऊक उतरवणे त्यात स्पष्टपणे नाकारलेले आहे. सॉफ्टवेअरने प्रत्येक विनंतीसोबत स्वतःची खरी ओळख द्यावी, एकदा आलेली टाइल काही काळ साठवून पुन्हा वापरावी आणि श्रेयाची ओळ दिसेल अशी ठेवावी, असेही त्यात आहे. तेव्हा ओळ झाकण्याच्या सल्ल्यावर वेगळे बोलण्याची गरज नाही.

एकच की सर्वांना वाटण्याविषयी इतकेच, की सॉफ्टवेअरच्या फाइलमध्ये दडवलेली की बाहेर काढणे जाणकाराला अवघड नसते आणि पुढील वापराचे बिल तिच्या मालकाच्या नावे येते. भाच्याच्या कारखानदाराला नकाशावर चाळीस-पन्नास दुकाने दाखवायची आहेत. तेवढ्यासाठी सात लाख टाइलही नकोत आणि उसनी कीही नको.