सोमवारी ओपीडीला घेऊन या म्हणे!

शुक्रवारी रात्री पावणेबाराला अण्णा संडासातून भिंत धरत बाहेर आले, आत जाऊन बघतो तर कमोडमध्ये लालभडक रक्त आणि गुठळ्या. पॉलिप, म्हणजे आतड्यात आतून वाढलेला मांसाचा कोंब, काढून नववा दिवस. हॉस्पिटलला फोन लावला, तीनदा होल्डवर ठेवलं, आणि मग रिसेप्शनवरची बाई म्हणते, "मूळव्याध असेल सर, सोमवारी ओपीडीला घेऊन या." पेशंटचं नाव विचारलं नाही, फाइल काढली नाही, डायरेक्ट मूळव्याध! अहो बाई, मोठ्या आतड्याच्या उजव्या बाजूचा 25 मिलिमीटरचा पॉलिप तुमच्याच डॉक्टरांनी काढलाय, तिथली भिंत आधीच पातळ असते. मी म्हटलं रात्रपाळीच्या डॉक्टरांना द्या, तर "ते राउंडवर आहेत". फोन कट.

एवढ्या मोठ्या पॉलिपनंतर 14 दिवसांपर्यंत रक्त जाऊ शकतं, जखमेची खपली सुटते तेव्हा. हे मला कधी कळलं? दुसऱ्या हॉस्पिटलात, रात्री दीडला! डिस्चार्ज कार्डावर काय, तर "रिव्ह्यू एसओएस", म्हणजे गरज पडली तर परत दाखवा. एसओएस म्हणजे नेमकं काय झाल्यावर, हे अण्णांनी कुणाला विचारायचं? मराठीत तीन ओळी लिहायला काय जातं, की रक्त गेलं, पोट दगडासारखं कडक झालं, ताप आला तर अर्ध्या रात्री या, कारण आतड्याला भोक पडलेलं असू शकतं आणि तेव्हा सीटी स्कॅन लगेच लागतो. बिलाची मात्र चार पानं, हातमोज्यांसकट.

आणि ती रक्त पातळ करायची गोळी! परत कधी सुरू करायची तर पोटवाले म्हणतात हृदयवाल्यांना विचारा, हृदयवाले म्हणतात ज्यांनी पॉलिप काढला त्यांना विचारा, मेडिक्लेमवाल्यांचं तर नावच काढू नका, आणि या सगळ्यात नाशिकरोडहून गंगापूर रोडला जाताना द्वारका चौकातल्या खड्ड्यांत गाडी आदळली की मागच्या सीटवर अण्णा पोट धरून "हळू रे" म्हणतायत, तो आवाज अजून कानातून जात नाहीये.

दुसरीकडच्या पोरसवदा डॉक्टरने बीपी-नाडी बघितली, सलाइन लावलं, हिमोग्लोबिन पाठवलं, रक्ताची सोय करून ठेवली, सकाळी परत ते पोट साफ करायचं खारट पाणी पाजून दुर्बिणीतून दोन क्लिपा मारल्या. रक्त थांबलं. इतकंच करायचं होतं हो!

सोमवारी मी जाणारच आहे त्या ओपीडीला. अण्णांना न घेता, ते कार्ड घेऊन.