‘लिनक्सच्या नादी लागू नका’ : एका संदेशाला उत्तर

गेल्या काही महिन्यांपासून शिक्षकांच्या, पतसंस्थांतील कर्मचाऱ्यांच्या आणि निवृत्तांच्या व्हॉट्सॲप गटांतून एक संदेश फिरतो आहे. माझ्याकडे तो चार वेगवेगळ्या जणांकडून आला. त्याचा मजकूर थोडक्यात असा : “विंडोज १० बंद झाले म्हणून जुन्या संगणकावर लिनक्स टाकण्याच्या नादी लागू नका. फुकटची वस्तू शेवटी फुकटच. ते इंजिनिअर लोकांचे काम आहे, काळ्या पडद्यावर कमांड द्याव्या लागतात. त्यात मराठी नीट चालत नाही, प्रिंटर चालत नाही, सरकारी साइट उघडत नाहीत. शिवाय त्याचा कोड साऱ्या जगाला उघडा, म्हणजे चोराच्या हाती घराची किल्ली. सरळ नवा संगणक घ्या.”

तालुक्याच्या गावातील एका सार्वजनिक वाचनालयाचे काम मी पाहतो. तिथे पाच संगणक आहेत आणि त्यांतील चार गेली तीन वर्षे लिनक्सवर, म्हणजे विंडोजच्या जागी संगणक चालवणाऱ्या दुसऱ्या एका मूळ प्रणालीवर, चालतात. मी इंजिनिअर नाही. वरच्या संदेशात काही गोष्टी अर्धवट खऱ्या आहेत, काही साफ चुकीच्या आहेत. पण तो वाचून लोक धडधाकट संगणक भंगारात देतात, आणि ज्या घरातील मुलीला तो अभ्यासाला मिळाला असता तिथे तो पोहोचत नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते. म्हणून एकेक मुद्दा घेऊन उत्तर देतो.

फुकटच्या वस्तूचा मुद्दा आधी घेतो, कारण बाकीचे सगळे गैरसमज त्याच्यातूनच निघतात. आपल्या भाषेत ‘मोफत’ आणि ‘मुक्त’ असे दोन वेगळे शब्द आहेत, आणि लिनक्सला लागू पडतो तो दुसरा. अमेरिकी प्रोग्रॅमर रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये मुक्त प्रणाली घडवण्याचा ‘ग्नू’ प्रकल्प जाहीर केला तेव्हा त्यांचे म्हणणे असे होते की संगणकावरची प्रणाली वापरण्याचा, ती आतून पाहण्याचा, बदलण्याचा आणि दुसऱ्याला देण्याचा अधिकार वापरणाऱ्याला असला पाहिजे. लिनस टॉरवाल्ड्स या हेलसिंकी विद्यापीठातील २१ वर्षांच्या विद्यार्थ्याने १९९१ मध्ये लिनक्सचा गाभा, म्हणजे यंत्र आणि त्यावरचे प्रोग्रॅम यांना जोडणारा मुख्य भाग, लिहिला आणि पुढच्याच वर्षी तो याच तत्त्वाच्या परवान्याखाली सर्वांना खुला केला. पैसे पडत नाहीत हा त्या परवान्याचा परिणाम आहे. मालाचा दर्जा हलका म्हणून किंमत शून्य, असा त्याचा अर्थ नाही.

दर्जाची खात्री करायची असेल तर ज्या अँड्रॉइड फोनवर हा संदेश आला त्याच फोनकडे पाहावे, कारण अँड्रॉइडचा गाभा लिनक्सचाच आहे. जगातील सर्वांत वेगवान ५०० महासंगणकांची यादी दर वर्षी दोनदा निघते; नोव्हेंबर २०१७ पासून त्या यादीतील एकूण एक संगणक लिनक्सवर चालतो. पुण्याच्या सी-डॅक या सरकारी संगणक संशोधन संस्थेने उभे केलेले आजचे ‘परम’ महासंगणकही त्याला अपवाद नाहीत. हे काम करणारे हजारो अभियंते पगारी आहेत, आणि हा पगार ज्या कंपन्या देतात त्यांचा स्वतःचा धंदा लिनक्सवर उभा आहे. त्यांतील एक, रेड हॅट, आयबीएमने २०१९ मध्ये ३४ अब्ज डॉलरना विकत घेतली. हलक्या मालाला असा भाव येत नाही.

खरे फुकटचे दुखणे वेगळेच आहे आणि ते आपल्या ओळखीचे आहे. संगणक बिघडला की आपण कोपऱ्यावरच्या दुकानात नेतो, तो मुलगा ‘फॉरमॅट मारून’ विंडोज टाकून देतो, आणि त्या प्रतीला परवाना आहे का, हे आपण विचारत नाही. परवान्याची अडचण मोडून काढणारे जे छोटे प्रोग्रॅम त्यासाठी वापरले जातात, त्यांच्या आडून व्हायरस शिरण्याचा धोका मोठा असतो. लिनक्सची प्रत मात्र मी उघडपणे, कायद्याने, दहा जणांना करून देऊ शकतो.

‘इंजिनिअर लोकांचे काम’ या मुद्द्याला सर्वांत चांगले उत्तर केरळमधील शाळांनी दिले आहे. तेथील सरकारी आणि अनुदानित शाळांत संगणकाचे शिक्षण वर्षानुवर्षे मुक्त प्रणालीवरच चालते. २०१९ मध्ये उबुंटू या लिनक्सच्याच एका प्रकारावर बेतलेली नवी आवृत्ती आली, तेव्हा ती दोन लाखांहून अधिक संगणकांसाठी होती, आणि परवान्यांचे सुमारे ३,००० कोटी रुपये वाचतील असे राज्याच्या शिक्षण यंत्रणेने सांगितले. शाळेतील मुले आणि त्यांचे शिक्षक जे रोज वापरतात, ते आपल्याला जमणार नाही असे मानण्याचे कारण नाही. आपल्याकडे अडचण सवयीची आहे. बहुतेकांनी पहिला संगणक पाहिला तो विंडोजचाच, त्यामुळे पडद्यावरची चित्रे बदलली की यंत्रच अनोळखी वाटू लागते.

आमच्या वाचनालयात एक निवृत्त मुख्याध्यापक रोज सकाळी वर्तमानपत्रे वाचायला येतात. सगळे त्यांना नाना म्हणतात. लिनक्स टाकल्यावर पहिल्या दिवशी ते पडद्यासमोर बसले आणि म्हणाले, “अहो, माझा तो निळा ‘ई’ कुठे गेला?” मी म्हणालो, “नाना, तो गेला. त्याच्या जागी हा गोलातला कोल्हा आहे, तो दाबा.” त्यांनी फायरफॉक्सचे चित्र दाबले, वर्तमानपत्राचे पान उघडले आणि चष्मा पुसून वाचायला लागले. तीन वर्षांत त्यांना एकही कमांड द्यावी लागलेली नाही. नवा प्रोग्रॅम हवा असेल तर लिनक्स मिंटमध्ये (आम्ही वापरतो तो लिनक्सचा प्रकार) ‘सॉफ्टवेअर मॅनेजर’ नावाचे दालन आहे. फोनवर ॲप घेतो तसे नाव शोधायचे, बटण दाबायचे आणि पासवर्ड द्यायचा. काळा पडदा आहे, पण तो मला वर्षातून एखाद-दोनदा उघडावा लागतो आणि वाचकांना कधीच नाही.

आता मराठीचा मुद्दा. या मुद्द्यावर मी जरा थांबणार आहे, कारण हा आरोप नेमका उलट आहे. आजच्या लिनक्समध्ये देवनागरी अक्षरे आणि मराठी कळफलक मूळ प्रणालीतच असतात. कीबोर्डच्या सेटिंगमध्ये जाऊन यादीतून मराठी निवडले की काम झाले. ज्यांनी इनस्क्रिप्ट ही भारतीय लिप्यांसाठीची प्रमाणित कळरचना शिकली आहे त्यांच्यासाठी तो कळफलक आहे, आणि ज्यांना उच्चाराप्रमाणे टंकायचे आहे त्यांच्यासाठीही सोय आहे. एक शब्द टंकून दाखवतो. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधल्या खोल जागा. हा भेद मराठीचा स्वतःचा आहे आणि पुष्कळ ठिकाणी तो टंकताना लोक अडतात. इनस्क्रिप्टवर इंग्रजी ‘जे’च्या कळीवर र आहे आणि ‘डी’च्या कळीवर हलन्त. द, र, हलन्त, य आणि काना अशा कळा दाबल्या की ‘दर्या’ उमटतो. त्याच क्रमात र च्या वेळी शिफ्ट दाबून ठेवली की नुक्त्याचा ऱ येतो, आणि पुढचा हलन्त व य येताच तो आपोआप अर्धचंद्रासारखा होऊन ‘दऱ्या’ तयार होतो. ‘ळ’देखील असाच, ल च्या कळीवर शिफ्टसह.

हे आपोआप झालेले नाही. देवनागरीसाठीचे ‘लोहित’ हे मुक्त फॉन्ट आणि मराठीतील भाषांतराचे बरेचसे काम रेड हॅटच्या पुण्यातील मंडळींनी आणि त्यांच्यासोबत अनेक स्वयंसेवकांनी केले. सी-डॅकची ‘बॉस’ ही भारतीय भाषांसाठीची लिनक्स प्रणाली २००७ पासून उपलब्ध आहे. मेनूही मराठीत ठेवता येतात. भाषांतर काही ठिकाणी अपुरे आहे आणि मध्येच इंग्रजी शब्द दिसतात, हे मान्य. पण ज्या भाषांतरात चूक दिसेल ते सुधारून पाठवण्याचा हक्क तुम्हाला-मला आहे, आणि कंपनीच्या बंद प्रणालीत तो मिळत नाही.

मग ‘मराठी चालत नाही’ हे कुठून आले? माझ्या मते ते जुन्या फॉन्टच्या अनुभवातून आले. श्रीलिपी, कृतिदेव, शिवाजी अशा फॉन्टमध्ये टंकलेल्या मजकुरात संगणकाच्या लेखी रोमन अक्षरेच असतात. त्यांना केवळ मराठी अक्षरांचे रूप चढवलेले असते. तो विशिष्ट फॉन्ट नसेल तर मजकूर अगम्य दिसतो, मग संगणक कोणत्याही प्रणालीचा असो. तीच फाइल फोनवर उघडून पाहिली तरी असेच होते. फॉन्टची फाइल आणि तिचा परवाना तुमच्याकडे असेल तर ती लिनक्समध्ये टाकून जुनी पत्रे वाचता येतात. पण त्या फॉन्टसोबतची टंकनाची सॉफ्टवेअर विंडोजसाठी बनलेली आहेत. ज्यांचा छपाईचा किंवा डीटीपीचा व्यवसाय त्यांच्यावर चालतो, त्यांनी आहे तिथेच राहावे, असे मी स्वतः सांगेन. आपले पत्र, अर्ज, इतिवृत्त आणि अहवाल युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला जगभर एकच ठरलेला क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, लिहिणाऱ्याला ही अडचण येत नाही.

प्रिंटरबद्दल संदेशात अर्धे सत्य आहे. गेल्या काही वर्षांत आलेले, वायफायवर चालणारे बहुतेक प्रिंटर लिनक्सला वेगळे काही न टाकता ओळखू येतात. आमच्याकडचा जुना लहान लेझर प्रिंटर मात्र त्रासदायक ठरला. त्याच्या चालकासाठी (प्रिंटर आणि संगणक यांची गाठ घालून देणारा प्रोग्रॅम) मला दोन संध्याकाळी खर्च कराव्या लागल्या. म्हणून प्रणाली बदलण्यापूर्वी आपल्या प्रिंटरची चाचणी घ्यावी. ती कशी घ्यावी, ते शेवटी सांगतो.

सरकारी संकेतस्थळांचे म्हणाल, तर सातबारा, डिजिलॉकर, रेल्वेचे आरक्षण, स्पर्धा परीक्षांचे अर्ज ही सगळी कामे ब्राउझरमधून होतात, आणि फायरफॉक्स किंवा क्रोम लिनक्सवर तसेच्या तसे चालतात. एके काळी काही संकेतस्थळे केवळ इंटरनेट एक्सप्लोररवरच उघडत. खुद्द मायक्रोसॉफ्टने जून २०२२ मध्ये त्याला निरोप दिला, त्यामुळे ती अटही गेली. अडचण येते ती संगणकाला एखादे उपकरण जोडावे लागते तिथे. डिजिटल स्वाक्षरीचा टोकन (पेनड्राइव्हसारखे उपकरण) वापरणाऱ्यांनी त्याचा चालक लिनक्ससाठी मिळतो का, हे आधी पाहावे. बोटांचे ठसे घेणाऱ्या यंत्रांसोबतचे सॉफ्टवेअर बहुधा विंडोज आणि अँड्रॉइडसाठीच दिले जाते, त्यामुळे सेवा केंद्र चालवणाऱ्याने घाई करू नये. टॅली हे हिशेबाचे सॉफ्टवेअरही विंडोजसाठीच आहे. आमच्या पाचव्या संगणकावर विंडोज ठेवले आहे ते याच कारणाने. वाचनालयाचे हिशेब त्यावर आहेत.

‘उघडा कोड म्हणजे चोराच्या हाती किल्ली’ हे वाक्य ऐकायला पटते, पण कुलूप कसे बनते हे ठाऊक असणे आणि किल्ली हाती असणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मार्च २०२४ मधील घटना यासाठी सांगण्यासारखी आहे. ‘एक्सझेड’ नावाच्या, फायली लहान करण्याच्या एका साधनात एका अज्ञात व्यक्तीने दोन वर्षांहून अधिक काळ चांगले काम करून विश्वास मिळवला आणि मग त्यात चोरदरवाजा बसवला. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला आपल्या चाचणीच्या संगणकावर दुरून प्रवेश करताना साधारण अर्धा सेकंद जास्त लागतो आहे असे जाणवले. अर्ध्या सेकंदाचे कारण शोधत ते कोडपर्यंत गेले आणि २९ मार्चला त्यांनी ते सगळ्यांसमोर मांडले. हे फ्रॉइंड नोकरीला मायक्रोसॉफ्टमध्ये आहेत. चोरदरवाजा चाचणीच्या आवृत्त्यांत शिरला होता. नेहमीच्या वापराच्या प्रमुख आवृत्त्यांपर्यंत तो पोहोचण्याआधीच काढला गेला. म्हणजे धोका लिनक्सलाही आहे, मात्र कोड उघडा असल्यामुळेच एका बाहेरच्या माणसाला तो आत जाऊन शोधता आला. २०२३ मध्ये आपल्या संरक्षण मंत्रालयाने आपल्या संगणकांसाठी उबुंटूवर बेतलेली ‘माया’ प्रणाली निवडल्याची बातमी आली होती, तीही सुरक्षेच्याच कारणाने. अर्थात फोनवर ओटीपी सांगणाऱ्याला कोणतीही प्रणाली वाचवू शकत नाही.

राहिला ‘नवा संगणक घ्या’ हा सल्ला. विंडोज १० ‘बंद’ झालेले नाही. १४ ऑक्टोबर २०२५ नंतर त्याला नेहमीची सुरक्षा दुरुस्ती मिळणे थांबले, आणि नोंदणी करणाऱ्यांसाठी आणखी एका वर्षाची मुदत ठेवली गेली. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा चिप आणि साधारणपणे २०१८ किंवा त्यानंतरच्या पिढीचा प्रोसेसर लागतो, म्हणून त्याआधीचे बहुतेक संगणक अधिकृतपणे बाद ठरतात. ते बिघडलेले नाहीत. आमचे चार संगणक २०१४ चे आहेत, त्यांत ४ जीबी रॅम आहे, आणि जुन्या हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी ही वेगवान डिस्क बसवल्यापासून ते अर्ध्या मिनिटात सुरू होतात. त्यांवर असलेल्या लिनक्स मिंट २२ ला २०२९ पर्यंत सुरक्षा दुरुस्ती मिळणार आहे.

माझ्या शब्दावर विश्वास ठेवण्याची गरज नाही. लिनक्स मिंटची सुमारे ३ जीबीची फाइल उतरवून ती ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर चढवून घ्यावी. पेनड्राइव्हवरचे जुने सारे पुसले जाते, हे लक्षात ठेवावे. तो लावून संगणक सुरू करताना एफ १२, एफ ९ किंवा एस्केप, यांपैकी आपल्या कंपनीची जी कळ असेल ती दाबावी आणि यादीतून पेनड्राइव्ह निवडावा. पूर्ण प्रणाली पेनड्राइव्हवरूनच चालू होते. वायफाय जोडून पाहावे, एक गाणे वाजवून आवाज ऐकावा, आपला सातबारा उघडावा, मराठीत चार ओळी टंकून त्या प्रिंटरवर काढून पाहाव्यात. पडद्यावर ‘इन्स्टॉल’चे चित्र दिसेल, त्याला हात लावू नये. काही अडले तर संगणक बंद करून पेनड्राइव्ह काढावा. पुन्हा सुरू केल्यावर आतले विंडोज आणि तुमच्या साऱ्या फायली जशा होत्या तशाच समोर येतील.