कमी खाल्ल्याने वजन अडत नाही

‘कमी खाल्लं की शरीर चरबी धरून ठेवतं, म्हणून अडलेलं वजन हलवायला जास्त खा’ असा मेसेज फिरतोय. त्यातलं अर्धंच खरं. आहार घटला की शरीराचा ऊर्जाखर्च थोडा घटतो, पण चरबी उतरायची थांबत नाही. १९४४-४५ साली अमेरिकेत मिनेसोटाच्या प्रयोगात ३६ तरुणांना २४ आठवडे अर्धपोटी ठेवलं होतं. त्यांचं वजन जवळपास पाव हिश्शाने उतरलं.

मग काटा अडतो कशाने? ८० किलोंचे ७२ झाले की तेच चालणं कमी कॅलरी जाळतं. शिवाय दोन-तीन महिन्यांनी हात सैल सुटतो, सगळ्यात जास्त तेलात. फोडणीत अंदाजाने जादा पडलेलं १५ मिली तेल म्हणजे सुमारे १२५ कॅलरी. येता-जाता तोंडात टाकलेले ३० ग्रॅम शेंगदाणे म्हणजे १७०. (नोंदवहीत दोन्ही नसतात!) आठवडाभर तेल चमच्याने मोजा, दाण्याचं कूट काट्यावर.

पाणीही फसवतं: नवा व्यायाम, पाळीआधीचे दिवस, लोणचं-पापड यांनी ते अंगात साठतं. रोज सकाळी शौचानंतर, उपाशीपोटी वजन करून आठवड्याची सरासरी काढा. ती चार आठवडे हलली नाही, तरच वजन अडलं म्हणायचं. सोबत थकवा, बद्धकोष्ठता किंवा पाळीची अनियमितता असेल, तर डॉक्टरांना विचारून टीएसएच (थायरॉइडची रक्तचाचणी) तपासून घ्या.