कॅज्युअल्टीत आलेला माणूस काय मागतो?

मार्च 2025 मध्ये पुण्यात एका गर्भवतीला दाखल करून घेण्याआधी दहा लाखांचं डिपॉझिट मागितल्याचा आरोप झाला. पुढे दुसऱ्या रुग्णालयात ती दगावली. तेव्हापासून आमच्या नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक वाद अधूनमधून पेटतो. भारतातले म्हणतात, "तुमच्याकडे बरं आहे, पैसा मधे येत नाही." इकडचे, इंग्लंडमधले, म्हणतात, "तुमच्याकडे डॉक्टर लगेच तरी भेटतो." मी मँचेस्टरला राहते. दोघांचंही खरं आहे, पण कॅज्युअल्टीत आलेल्या माणसाचं मागणं या दोन्हींत पुरतं येत नाही.

पैशाचं म्हणाल तर इथल्या ए अँड ईमध्ये, म्हणजे इथल्या कॅज्युअल्टीत, व्हिजिटर व्हिसावर आलेल्या सासूबाईंवरही फुकट उपचार होतात. (वॉर्डात दाखल केलं की मात्र बिल सुरू, तेही सरकारी दराच्या दीडपट. तेव्हा आई-वडिलांना बोलवाल तर विमा काढूनच.) भारतात 1989 मध्ये परमानंद कटारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगून ठेवलंय की जीव वाचवणं हे प्रत्येक डॉक्टरचं पहिलं कर्तव्य. एका जखमी स्कूटरस्वाराला वीस किलोमीटरवरच्या दुसऱ्या रुग्णालयात पाठवलं आणि तो वाटेतच गेला, त्यावरून ती याचिका झाली होती. म्हणजे डिपॉझिटविरुद्धचा राग रास्तच आहे. तिथे माझं दुमत नाही.

पण पैसा बाजूला काढला की काय उरतं, ते इथे रोज दिसतं. चार तासांत रुग्णाचं काम मार्गी लावायचं, घरी तरी पाठवायचं नाहीतर दाखल तरी करायचं, हे उद्दिष्ट 2004 पासूनचं. शंभरातल्या 95 जणांच्या बाबतीत ते पाळायचं असं 2010 मध्ये ठरलं होतं. इंग्लंडला 2015 नंतर ते जमलेलं नाही आणि मार्च 2025 साठी तर आकडाच 78 वर उतरवला.

सासूबाईंना रात्री छातीत दुखायला लागलं तेव्हा आम्ही गेलो. ईसीजी लगेच झाला, रक्त घेतलं, आणि मग नुसतं बसणं. त्या कुरकुरल्या नाहीत. दर थोड्या वेळानं एवढंच विचारायच्या, "काही वाईट नाही ना गं?" इथे आल्याआल्या नर्स रुग्णाला रंग ठरवून देते. ही पद्धत आमच्या मँचेस्टरचीच. लाल म्हणजे तत्काळ, नारिंगी दहा मिनिटांत, पिवळा तासाभरात, हिरवा दोन तासांत, निळा चार तासांत. हिरवा मिळणं ही खरं तर आनंदाची बातमी. पण ती संगणकात राहते आणि हिरवी बाई रात्रभर आपण लाल आहोत असं समजून बसते. दुखणं कमी करा, धोक्याचं आहे का ते सांगा, पुढे काय होणार ते सांगा. बहुतेकांचं मागणं इतकंच असतं. यातल्या निम्म्याला यंत्रही लागत नाही.

आपल्याकडे भारतात "सीरियस आहे, इथे सही करा" यापलीकडे नातेवाइकांशी कोण बोलतं? 2017 मध्ये धुळ्यात डोक्याला मार लागलेल्या रुग्णासाठी न्यूरोसर्जन नव्हता. त्यावरून निवासी डॉक्टरला मारहाण झाली, त्याचा डोळा गंभीर जखमी झाला आणि राज्यभरचे निवासी डॉक्टर कामावर जाईनात. मारहाणीला समर्थन नाहीच. हल्लेखोरांसाठी 2010 चा कायदा आहे, नंतर दारावर सुरक्षारक्षकही आले. पण सलग ड्युटीनं पेंगुळलेल्या त्या पोरानंच जखम शिवायची, फोन लावायचे आणि वर पंधरा नातेवाइकांची समजूतही घालायची, ही व्यवस्था तशीच राहिली.

सरकारी रुग्णालयांत समाजसेवा अधीक्षक हे पद आहे. धर्मादाय रुग्णालयांतही योजनांची कागदपत्रं बघायला समाजसेवक असतात. त्यांच्यातला एक जण रात्रपाळीला कॅज्युअल्टीत बसवा, आणि दर अर्ध्या तासानं प्रत्येक खाटेजवळ जाऊन रुग्णाचं काय चाललंय ते सांगणं हेच त्याचं काम ठेवा. आणखी सुरक्षारक्षक मागण्याआधी डॉक्टरांच्या संघटनांनी हे मागावं. इथल्या ए अँड ईलाही असा माणूस हवाच आहे.