एक ना धड, भाराभर रॅम

कॉम्प्युटर हळू चालतो म्हणून रॅम वाढवायचं ठरवलंत? शुभस्य शीघ्रम्. फक्त एक पथ्य पाळा: आत सध्या कोणती रॅम आहे, ते बघू नका. टास्क मॅनेजरमध्ये मेमरीच्या पानावर वेगही दिसतो आणि किती स्लॉट भरलेत तेही, पण तिथवर जाणं म्हणजे स्वतःच्या अंदाजावर अविश्वास दाखवणं. रॅम म्हणजे रॅम. हाती लागेल ती आणा.

डीडीआर ४ आणि डीडीआर ५ या रॅमच्या दोन पिढ्या. डेस्कटॉपच्या डीडीआर ४ स्टिकला, म्हणजे रॅमच्या पट्टीला, २८८ पिना, डीडीआर ५ लाही २८८ च. मग एकीच्या जागी दुसरी का बसू नये? मधली खाच जराशी सरकलेली असते, एवढंच. घाबरट माणसं तिथे थांबतात. तुम्ही दोन्ही अंगठे ठेवा आणि रेटा. 'कट्ट' असा आवाज येईल. क्लिपचा असला तर ठीक, नसला तर मदरबोर्डचा.

समजा, नशिबाने पिढी जुळली. आता लेबलवरचा फक्त मोठा आकडा, म्हणजे वेग, वाचा. जुनीवर ३२००, नवीवरही ३२००. झालं, सख्ख्या बहिणी! खाली बारीक अक्षरांत एकीवर सीएल (म्हणजे उत्तर द्यायला लागणारा उशीर) १६ आणि १.३५ व्होल्ट, दुसरीवर सीएल २२ आणि १.२ व्होल्ट असं काहीबाही असेल, पण बारीक अक्षरं वाचायची सवय असती तर आपण आयुष्यात बऱ्याच ठिकाणी सह्या केल्या नसत्या. मग बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये, जाऊन एक्सएमपी (स्टिकमध्येच लिहून ठेवलेली जास्त वेगाची सेटिंग) चालू करा, म्हणजे पहिलीने दिलेला शब्द दुसरीला पाळावा लागेल. मदरबोर्डला त्याच्या मर्जीवर सोडलंत, तर तो सगळ्यांना हळूबाईच्या चालीने चालवतो. २४०० आणि ३२०० एकत्र लावा, दोन्ही २४०० वर. कॉम्प्युटर निमूट सुरू होतो आणि तुमची सुट्टी मोकळी राहते. त्या सुट्टीचं मग करायचं काय?

चार स्लॉट आणि दोन स्टिक असतील, तर शेजारीशेजारी लावा, दिसायला बरं दिसतं. मॅन्युअलात बहुतेक वेळा प्रोसेसरपासून दुसरा आणि चौथा असं सांगितलेलं असतं, ड्युअल चॅनलसाठी, म्हणजे दोन्ही स्टिकना वेगवेगळी वाट मिळावी म्हणून. मॅन्युअल मात्र खोक्यासकट माळ्यावर असतं.

आता मुख्य भाग: बिघाड शोधणे. पहिल्या दिवशी सगळं झकास चालेल. दुसऱ्या दिवशी निळा स्क्रीन येईल आणि तो दर वेळी वेगळं कारण सांगेल. रोज नवी सबब सांगणाऱ्याकडे आपण एरवी संशयाने बघतो, पण इथे प्रत्येक सबबीवर विश्वास ठेवा. ग्राफिक्सचा ड्रायव्हर बदला, अँटीव्हायरस काढा, हार्ड डिस्कला दोष द्या. रॅमकडे वळू नका. ती नवी आहे, तिचं काय बिघडणार? मी स्वतः याच वाटेने गेलो. एकच झिप फाइल पहिल्यांदा 'करप्ट' म्हणाली, दुसऱ्यांदा मुकाट उघडली, तिसऱ्यांदा पुन्हा करप्ट. डिस्कवरची फाइल तीच, वाचन दर वेळी वेगळं. एवढं ढळढळीत दिसत असूनही मी काय केलं? फॉरमॅट मारला. विंडोज टाकताना तेही अर्ध्यात अडकलं, तेव्हा पेन ड्राइव्ह बदलला. नाचता येईना, अंगण वाकडं.

शेवटी कोणीतरी सांगेलच की एक स्टिक काढून बघ. ऐका, पण अर्धंच. जुनी एकटी लावा: रात्रभर मेमटेस्ट (रॅम तपासणारा प्रोग्राम), एकही चूक नाही. नवी एकटी लावा, तीही स्वच्छ. दोन्ही एकत्र लावा, की पडद्यावर लाल ओळींचा पाऊस. इथे शहाणा माणूस म्हणेल, दोघीही गुणी आहेत, एकमेकींशी पटत नाही एवढंच. एक्सएमपी बंद कर, वेग एक पायरी खाली आण, नाहीतर एकाच पाकिटातली जोडी घे. तुम्ही तसं म्हणू नका. 'दोन्ही पास झाल्या' असं जाहीर करा, दोन्ही परत बसवा आणि पॉवर सप्लायवर संशय घ्या.

डीडीआर ५ वाल्यांसाठी वेगळी सोय आहे. स्टिक बदलल्यावर पहिल्यांदा सुरू करताना मदरबोर्ड मेमरीशी ओळख करून घेतो, आणि त्यात कधीकधी काही मिनिटं पडदा काळाच राहतो. तिसाव्या सेकंदाला बटण दाबून बंद करा. पुन्हा सुरू करा. पुन्हा तिसाव्या सेकंदाला. तुमची चिकाटी बोर्डापेक्षा जास्त ठरली पाहिजे.

एवढं करून कंटाळलात की नवी जोडी आणालच. जुनी स्टिक टाकू नका, कधीतरी उपयोगी पडेल. माझ्या ड्रॉवरमध्ये अशा पाच आहेत. त्यातली एक कशात बसते ते अजून कळलेलं नाही, पण रेटून सगळीकडे पाहिली आहे.